लवंगी, बॉम्ब आणि जावई : २०२१ च्या दिवाळीचं एक प्रकरण

१ नोव्हेंबर २०२१. सोमवार, वसुबारस. घराघरांत चकल्यांचा घाणा चढलेला असताना राज्याचे तेव्हाचे अल्पसंख्याक विकास मंत्री नवाब मलिक यांनी ट्विटरवर एक फोटो टाकला. फोटोत विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांच्या पत्नी अमृता फडणवीस होत्या, आणि त्यांच्यासोबत एक माणूस. या माणसाला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झालेली आहे, तर चला, आज भाजप आणि ड्रग्जवाल्यांच्या नात्याची चर्चा करू, असा मलिकांचा सूर.

दुपारपर्यंत तो फोटो आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर चारदा येऊन गेला. मीही उघडून पाहिला, मोठा करून पाहिला. उगाच साव कशाला व्हा. बघितल्यावर कळलं काय? एक बाई आणि एक माणूस एका ठिकाणी एकदा उभे होते.

फडणवीसांनी त्याच दिवशी उत्तर दिलं. फोटो चार वर्षांपूर्वीचा आहे, 'रिव्हर मार्च' या संस्थेच्या गाण्याच्या चित्रीकरणातला आहे, त्या माणसाला त्यांच्या निर्मिती चमूने कामासाठी आणलं होतं, माझा त्याच्याशी संबंध नाही. त्याचा माझ्यासोबतही फोटो आहे, पण मुद्दाम माझ्या पत्नीसोबतचा टाकला, यावरून यांची मानसिकता दिसते, असंही ते म्हणाले. मलिकांनी दिवाळीच्या सुरुवातीला लवंगी लावली आहे, दिवाळी झाल्यावर मी बॉम्ब फोडतो, हे त्यांचं वाक्य मग आठवडाभर वाहिन्यांनी तळून काढलं.

नेत्याच्या घरच्यांना राजकीय वादात ओढावं की नाही, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी दोन ठरावीक सुरांत येतो. आपल्या बाजूच्या बाईवर कुणी बोललं की 'घरादाराला मध्ये आणू नका'. समोरच्याच्या जावयाचं नाव आलं की 'लोकांना कळलंच पाहिजे'. २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातलं हे प्रकरण मला अभ्यासाला घ्यावंसं वाटतं, कारण त्यात एकाच वादात जवळजवळ सगळी नाती येऊन गेली, आणि दोन्ही सूर दोन्ही बाजूंनी लावून झाले. जे नातेवाईक स्वतःहून जाहीर व्यासपीठावर आले नाहीत, त्यांची नावं मी इथे घेत नाही. नावाशिवायही सगळं सांगता येतं.

सुरुवात जावयापासून

फोटो नोव्हेंबरचा असला तरी गोष्ट जानेवारीत सुरू होते. १३ जानेवारी २०२१ रोजी अमली पदार्थ नियंत्रण विभागाने, म्हणजे एनसीबीने, मलिकांच्या जावयाला अटक केली. मुंबई विभागाचे प्रमुख होते समीर वानखेडे. मलिकांनी तेव्हा जे म्हटलं ते आज पुन्हा वाचण्यासारखं आहे: कायद्यापेक्षा कुणी मोठं नाही, कायदा आपलं काम करेल, न्यायव्यवस्थेवर माझा विश्वास आहे. मंत्र्याने एवढंच बोलावं आणि गप्प बसावं. आठ महिने ते साधारण तसेच गप्प राहिले.

२७ सप्टेंबरला जावयाला जामीन मिळाला. २ ऑक्टोबरला कॉर्डेलिया क्रूझवर छापा पडला, शाहरुख खानच्या मुलाला अटक झाली आणि सगळा देश मुंबईच्या बंदराकडे बघू लागला. ६ ऑक्टोबरला मलिकांनी पत्रकार परिषद घेतली. छाप्यात एनसीबीचे नसलेले लोक पंच म्हणून कसे वावरत होते, त्यातला एक भाजपचा कार्यकर्ता कसा, हे त्यांनी फोटो-व्हिडिओंसह मांडलं. हा भाग सार्वजनिक कामाचा होता. पुढे मे २०२२ मध्ये एनसीबीने आरोपपत्रात त्या मुलाचं नावच घातलं नाही. तेव्हा त्या पहिल्या पत्रकार परिषदेतले प्रश्न पोकळ नव्हते, एवढं मान्य करायला हरकत नाही.

पण तिथे थांबले असते तर हे प्रकरण लिहायला मी बसलो नसतो. पुढच्या चाळीस दिवसांत काय काय आलं ते बघा. वानखेड्यांच्या बहिणीचे मालदीवचे फोटो. त्यांचा जन्मदाखला, आणि त्यावरून वडिलांचं नाव, वडिलांचा धर्म, दिवंगत आईचा धर्म. पहिलं लग्न, त्याचा निकाहनामा, त्या लग्नातला फोटो. आत्ताची पत्नी. मेव्हणी. मग अमृता फडणवीस. उलट बाजूने मलिकांचा जावई, मलिकांचा मुलगा, मलिकांच्या कुटुंबाची जमीन. लग्नाच्या आहेराच्या यादीतही इतके सोयरेधायरे नसतात.

एक साधी चाचणी

मी अशा वेळी एक साधी गोष्ट करून बघतो. आरोपाच्या वाक्यातून नात्याचा शब्द काढून टाकायचा. 'अमुकची बायको', 'तमुकचा भाऊ' यातला अमुक-तमुक पुसायचा. मग मागे काही प्रश्न उरतो का बघायचं.

फोटोला ही चाचणी लावली की हातात काहीच राहत नाही. एका गायिकेचा, गाण्याच्या चित्रीकरणाच्या वेळी, चमूतल्या एका माणसासोबत फोटो. त्या माणसाला नंतर अटक झाली. प्रश्न संपला. त्या फोटोतली बाई फडणवीसांची पत्नी नसती तर तो फोटो कुणी जपूनही ठेवला नसता.

गंमत म्हणजे त्याच गाण्यावर एक खरा प्रश्न होता, आणि तो २०१८ मध्येच विचारून झाला होता. मुंबईच्या मिठी, दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या चार नद्यांसाठी केलेल्या त्या गाण्यात सोनू निगम आणि अमृता फडणवीस गायले होते. पडद्यावर तेव्हाचे मुख्यमंत्री फडणवीस होते, मंत्री सुधीर मुनगंटीवार होते, आणि महापालिका आयुक्त अजोय मेहता व पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकरही होते. एका खासगी संस्थेच्या गाण्यात, ज्यात मुख्यमंत्र्यांची पत्नी गाते आहे, शहरातले दोन सर्वांत वरिष्ठ अधिकारी कसे काय अभिनय करतात? कुणाच्या सांगण्यावरून? हा प्रश्न रास्त होता. पत्नी त्यात येते, पण ती लक्ष्य म्हणून येत नाही. खुर्चीचा वापर झाला का, याच्या साखळीतली एक कडी म्हणून येते. मलिकांनी २०२१ मध्ये तीच चित्रफीत उघडली, त्यातला प्रश्न सोडून दिला आणि फोटो उचलला.

मेव्हणीचं तर आणखी वाईट. ८ नोव्हेंबरला मलिकांनी वानखेड्यांना जाहीरपणे विचारलं की तुमची मेव्हणी ड्रग्जच्या धंद्यात आहे का, पुण्याच्या न्यायालयात तिच्यावर खटला आहे. वानखेड्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं: ते प्रकरण २००८ चं, मी तेव्हा नोकरीतच नव्हतो, माझं लग्न २०१७ चं. म्हणजे नातं जुळायच्या नऊ वर्षं आधीची गोष्ट. हुंडा न घेतलेल्या जावयाच्या पदरात हा भूतकाळ बांधायचा, तोही त्या मुलीच्या नावानिशी, लाखो लोकांसमोर. तिने काय करावं? तिला कुणी निवडून दिलेलं नाही, तिच्यापुढे माईक नाही, विधिमंडळात तिला खुलासा करता येत नाही.

जन्मदाखल्याची अडचण

२५ ऑक्टोबरचा जन्मदाखला मात्र चाचणीत सहज नापास होत नाही. वानखेडे अनुसूचित जातीच्या राखीव जागेतून सेवेत आले. त्यांचा जन्म मुस्लिम म्हणून झाला असेल, तर ते आरक्षण चुकीचं, आणि एका पात्र उमेदवाराची जागा गेली, असा मलिकांचा दावा. इथे आई-वडिलांचा धर्म विचारल्याशिवाय प्रश्न पुढे सरकतच नाही. प्रश्न अधिकाऱ्याच्या नोकरीचा आहे, म्हणजे सार्वजनिक आहे.

मग चुकलं काय? जागा. जातीच्या दाखल्याची पडताळणी करायला या राज्यात समिती आहे. तिथे अर्ज करता येतो, कागद मागवले जातात, समोरच्याला बोलता येतं. मंत्र्याने तो रस्ता आधी धरला नाही. त्याने कागद ट्विटरवर टाकला आणि निकाहनाम्यापासून लग्नातल्या फोटोपर्यंत घरातली पेटी रस्त्यावर उलटी केली. पहिल्या लग्नातली स्त्री, जिचा या नोकरीशी काडीचा संबंध नाही, तीही त्या ढिगात आली.

वानखेड्यांचे वडील मुंबई उच्च न्यायालयात गेले. सव्वा कोटीचा मानहानीचा दावा. घरच्यांना ओढलं की घरचेच दार ठोठावतात, त्याचं हे उदाहरण. २२ नोव्हेंबरला न्या. माधव जामदार यांनी दिलेला अंतरिम आदेश दोन्ही बाजूंना आपापला विजय वाटला, आणि नीट वाचला तर दोघांनाही टोचणारा होता. सरकारी अधिकाऱ्याच्या कामाची, त्याच्याबद्दलच्या आरोपांची चर्चा करण्याचा लोकांना हक्क आहे, म्हणून मलिकांवर सरसकट बंदी नाही. पण ही ट्विटं प्रथमदर्शनी द्वेषातून आलेली दिसतात, जावयाला याच विभागाने अटक केली होती याकडे दुर्लक्ष करता येत नाही, आणि मंत्र्याने टाकण्याआधी पुरेशी खातरजमा करायला हवी होती.

वडील खंडपीठाकडे गेले. तिथे न्या. काथावाला आणि न्या. जाधव यांनी मलिकांना सरळ विचारलं की जात पडताळणी समितीकडे तक्रार केली आहे का? मलिकांनी मग वानखेडे कुटुंबाबद्दल काही टाकणार नाही अशी हमी दिली, २९ नोव्हेंबरला दोन्ही बाजूंच्या संमतीने आधीचा आदेश बाजूला ठेवण्यात आला, हमी मात्र कायम राहिली. ती पुढे मोडली गेली आणि १० डिसेंबरला मलिकांनी न्यायालयाची बिनशर्त माफी मागितली. ऑगस्ट २०२२ मध्ये पडताळणी समितीने वानखेड्यांच्या बाजूने निर्णय दिला: ते जन्माने मुस्लिम नाहीत, महार जातीचे आहेत. ज्या समितीकडे पहिल्या दिवशी जायचं, तिचं उत्तर नऊ-दहा महिन्यांनी आलं. तोवर त्या घरातल्या प्रत्येकाच्या लग्नपत्रिकेवर महाराष्ट्राने मत देऊन टाकलं होतं.

फडणवीसांचा बॉम्ब

९ नोव्हेंबरला, दिवाळी आटोपल्यावर, फडणवीसांनी कागद बाहेर काढले. कुर्ल्याच्या गोवावाला कंपाउंडमधली सुमारे तीन एकर जमीन. घेणारी कंपनी मलिकांच्या कुटुंबाची. विकणाऱ्यांत दाऊदची बहीण हसीना पारकर हिचा माणूस आणि १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यातला दोषी. किंमत ३० लाख. कागदावर सही मलिकांच्या मुलाची. मलिकांनी आरोप फेटाळले, व्यवहार रीतसर आहे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी 'हायड्रोजन बॉम्ब' म्हणून फडणवीसांवर वेगळे आरोप केले. फटाक्यांच्या भाषेत अणुयुद्धापर्यंत पोचायला आपल्याला दहा दिवस पुरले.

इथेही कुटुंब आहे, मुलगा आहे. तरी मी हे फोटोच्या रांगेत बसवणार नाही. मुलगा पुसून टाका, प्रश्न राहतो: या जमिनीचे पैसे कुणाला गेले, आणि त्या कंपनीत स्वतः मलिकांचा हात होता का? आरोप खरा की खोटा हा न्यायालयाचा विषय. विचारण्याजोगा होता का, हा आपला. होता. नातेवाईकाच्या नावाने घेतलेली मालमत्ता हा या राज्यातला जुना मार्ग आहे, आणि 'तो माझा मुलगा आहे, त्याला मध्ये आणू नका' ही त्या मार्गावरची जुनी पाटी.

या बाबतीत महाराष्ट्राची आठवण चांगलीच पक्की हवी. १९८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकरांची मुख्यमंत्रिपदाची खुर्ची गेली ती मुलीच्या एम.डी. परीक्षेच्या गुणांवरून. १९९९ च्या जानेवारीत मनोहर जोशींना पद सोडावं लागलं तेव्हा जावयाचा पुण्यातला भूखंड गाजत होता. शाळेसाठी राखीव जागा बिल्डर जावयासाठी मोकळी केल्याचं ते प्रकरण. २०१० मध्ये अशोक चव्हाण गेले ते 'आदर्श'मुळे, तिथल्या सदनिकाधारकांत त्यांच्या सासूबाई होत्या. मुलगी, जावई, सासू. 'नेत्याच्या घरच्यांबद्दल बोलायचं नाही' असा नियम तेव्हा पाळला असता, तर या तिन्ही प्रकरणांत वर्तमानपत्रांनी तोंडाला कुलूप लावायला हवं होतं. तिन्हींत प्रश्न नातेवाईकाच्या चारित्र्याचा नव्हता. खुर्चीवरचा हात नातेवाईकाच्या ताटापर्यंत पोचला का, हा होता.

चाचणी जिथे मोडते

आता माझी चाचणी मलिकांच्या जावयाला लावून बघतो. नातं पुसलं, तर उरतो एक आरोपी, ज्याला जामीन मिळाला आहे. जिच्यात रस घ्यावा अशी गोष्ट उरत नाही. म्हणजे फडणवीस आणि भाजपने 'जावई, जावई' करायला नको होतं?

इथे मी अडखळलो, आणि अजूनही पूर्ण सुटलेलो नाही. कारण इथे नातं हाच मुद्दा आहे. राज्याचा मंत्री एका अधिकाऱ्याविरुद्ध रोज पत्रकार परिषद घेतो, आणि त्या अधिकाऱ्याने मंत्र्याच्या जावयाला तुरुंगात टाकलेलं असतं, हे लोकांना माहीत असायलाच हवं. न्या. जामदारांनीही ते दृष्टीआड केलं नाही. तेव्हा जावयाचा उल्लेख रास्त. पण उल्लेख करणं आणि न्यायनिवाडा करणं यात फरक आहे. त्याच्या घरात ड्रग्ज सापडलं असं फडणवीस बोलले, आणि जावयाने पाच कोटींची मानहानीची नोटीस धाडली. मंत्र्याच्या हेतूबद्दल बोलताना जावयाचा गुन्हा सिद्ध झाल्यासारखं बोलण्याची काही गरज नव्हती. त्याच आठवड्यात अमृता फडणवीसांनीही मलिकांना नोटीस पाठवली, अठ्ठेचाळीस तासांत ट्विटं काढा आणि माफी मागा म्हणून. दोन घरं, दोन नोटिसा, आणि दोघांचीही तक्रार एकच.

अमृता फडणवीस म्हणजे गप्प बसलेली गृहिणी नव्हेत, हेही सांगायला हवं. त्या बँकेत नोकरी करणाऱ्या, गाणाऱ्या, आणि राजकारणावर बेधडक बोलणाऱ्या. डिसेंबर २०१९ मध्ये, नवं सरकार येऊन महिना होत नाही तोच, नावापुढे ठाकरे लावल्याने कुणी ठाकरे होत नाही असं त्यांनी लिहिलं होतं. मलिकांच्या प्रकरणातही 'बिगडे नवाब' म्हणत त्यांनी मलिकांचा जावई आणि काळी कमाई एका ओळीत बसवली. म्हणजे ज्या वादात आपल्याला घरचं म्हणून ओढल्याची त्यांची तक्रार होती, त्याच वादात त्यांनी समोरच्या घरातला माणूस ओढला. आखाड्यात उतरलेल्याला आखाड्यातल्यासारखं उत्तर मिळणारच. त्यांच्या ट्विटवर कुणी तोडीस तोड बोललं तर 'एका स्त्रीवर' असा गळा काढता येणार नाही. फक्त, मलिकांचा फोटो त्यांच्या कुठल्या विधानाला उत्तर नव्हता. तो नवऱ्याला मारलेला दगड होता, लागला बायकोला.

वानखेड्यांच्या पत्नी क्रांती रेडकर यांनी वेगळी वाट धरली. नवऱ्यावर आणि घरावर रोज हल्ला होत असताना त्यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना पत्र लिहिलं, मराठी मुलगी म्हणून न्याय मागितला, आज बाळासाहेब असते तर त्यांना हे पटलं नसतं असं सांगितलं. शिवरायांचं नावही आलं. शत्रूकडच्या स्त्रीचा मान राखण्याची गोष्ट अशा वेळी हटकून निघते. ती कागदपत्रांत कितपत सापडते हा इतिहासकारांचा वाद. मला खटकतं ते दुसरंच. ती गोष्ट आपल्याकडे कायम 'आमच्या बाईला असं कसं बोललात' यासाठी सांगितली जाते. गोष्टीतली सून मात्र शत्रूची होती.

नंतर

२३ फेब्रुवारी २०२२ रोजी ईडीने कुर्ल्याच्या जमिनीच्या प्रकरणात मलिकांना अटक केली. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकृतीच्या कारणावरून जामीन दिला. मधल्या काळात त्यांचा पक्ष फुटला, अजित पवार सत्तेत गेले, आणि डिसेंबरात मलिक सत्ताधारी बाकांवर बसलेले दिसले तेव्हा फडणवीसांनी अजितदादांना जाहीर पत्र लिहिलं: सत्ता येते आणि जाते, पण सत्तेपेक्षा देश महत्त्वाचा.

२०२४ च्या विधानसभेला अजित पवारांनी मलिकांना मानखुर्द-शिवाजीनगरमधून उभं केलं आणि त्यांची अणुशक्तीनगरची जागा त्यांच्या मुलीला, सना मलिक यांना दिली. भाजपने सांगितलं की आम्ही नवाब मलिकांचा प्रचार करणार नाही. सना यांचं काय, असं विचारल्यावर उत्तर आलं की त्यांच्याविरुद्ध आमच्याकडे काही पुरावा नाही, त्यांना आमचा विरोध नाही. वडील हरले, मुलगी आमदार झाली.